लाल धाग्याची गोफण

काचेच्या कपाटातली गोफण पाहिली आणि इलारियाचे पाय जागीच थांबले. ती तिच्याच हातची होती.

प्रांताच्या संग्रहालयात आज नवं प्रदर्शन उघडणार होतं. दारावर कार्यक्रमपत्रिका डकवलेली होती. दहा वाजता गोफण विणण्याचं प्रात्यक्षिक, विणकर इलारिया. अकराला अंगणात गोफणीची नेमबाजी, सेनोबियो. बाराला दोन्ही गावांचं एकत्र जेवण. खाली पुढच्या महिन्यातल्या घोंगड्यांची आणि त्यापुढच्या महिन्यातल्या मडक्यांची जाहिरात. कुस्को शहरातून आलेल्या मिलाग्रोसबाईंनी सगळा घाट मोठ्या हौसेनं घातला होता.

"मावशी, ही आमची सगळ्यात मोलाची वस्तू," काचेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "हिच्या दगडानं माणूस गेलाय. सोळा वर्षांपूर्वीच्या लढाईत. देणारा म्हणाला, माझं नाव लावू नका. नाही लावलं. शब्द म्हणजे शब्द!"

नाव लावलं नव्हतं खरं. पण गोफणीच्या पेडात लाल धागा होता. काळी लोकर संपली म्हणून इलारियानं लग्नाच्या घागऱ्याचा काठ उसवून तो घातला होता. तशी गोफण तिनं जन्मात एकच विणली आणि सासरी निघताना थोरल्या भावाच्या हातात ठेवली. सेनोबियोच्या.

तिचं माहेर खालच्या गावात, सासर वरच्या. दर जानेवारीत ही दोन गावं डोंगरमाथ्यावर एकमेकांवर गोफणी चालवतात. रक्त सांडलं की बटाटा चांगला पिकतो. माणूस मेला तर त्याच्या गावानं रडायचं. दगड कुणाचा होता, हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. अळीमिळी गुपचिळी. सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा तिमोतेओ कपाळ फुटून पडला. त्या वर्षीच्या लढाईत मेलेला तो एकटाच. इलारियानं कुणाला विचारलं नाही. मनात मात्र रोज विचारलं.

तेव्हापासून दर सुगीला सेनोबियोचं वाळवलेल्या बटाट्यांचं पोतं तिच्या दारात येत होतं. कुणाच्या तरी गाढवावरून यायचं, तो स्वतः कधी उंबऱ्याशी आला नाही. भाऊ असावा तर असा, असं सासरचे म्हणायचे. तीही म्हणायची.

"बाई, हिचं टोक उसवलंय," ती म्हणाली. "काढा बाहेर, लोकांसमोर दुरुस्त करून दाखवते."

मिलाग्रोसबाईंना कल्पना भलतीच आवडली. त्यांनी कुलूप काढलं.

तास संपता संपता सेनोबियो अंगणात आला. टोपीला फुलं, गालात कोकाच्या पानांचा तोबरा. बहिणीच्या मांडीवर काय आहे ते दिसलं आणि त्याचं चघळणं थांबलं.

"ओळखलीस का रे दादा?"

"इला, ठेव ती. जुनी आहे, तुटेल."

"कशाला तुटेल? मी विणलीय."

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "धुळीत काही दिसत नव्हतं गं. दगड सुटला की तो बापाचं ऐकत नाही."

"मग इथं कशाला आणून टाकलीस?"

"घरात ठेववेना. जाळायला गेलो, तर तुझ्या हातची."

"आणि मला बटाटे चारलेस. सोळा वर्षं!"

"मग काय उपाशी मरू द्यायचं होतं तुला?"

हे ऐकून तिचा संताप जास्तच भडकला.

अकरा वाजले. दोन्ही गावांची माणसं भिंतीच्या कडेनं उभी राहिली. नेम धरायची मडकी मांडायला सेनोबियो अंगणाच्या पार टोकाला गेला. इलारियानं ढिगातला मुठीएवढा दगड उचलला. लढाईत बायका घागऱ्याच्या ओच्यात दगड वाहून आणतात, मारत नाहीत. पण गोफण विणणारी बाई प्रत्येक गोफण स्वतः फिरवून बघते, मगच देते.

"दादा!"

तो वळला. तिच्या डोक्यावर गरगर फिरणारी गोफण त्यानं पाहिली. वाकायला वेळ होता. त्यानं हातातलं मडकं भिंतीवर नीट ठेवलं, टोपी काढली आणि सरळ उभा राहिला.

दगड तोंडावर बसला. ओठ फाटला, दात तुटले, हिरवा तोबरा रक्तासकट छातीवर आला. तो पडला नाही. दुसरा दगड गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या अंगणानं ऐकला, आणि तो कोसळला. मिलाग्रोसबाई किंचाळत होत्या. इलारियानं तिसरा दगड गोफणीत घातला. मग काढला आणि ढिगात परत ठेवला.

फाटकावरचा पोलीस धावत आला. "कुणी मारलं?"

कुणी टोपीची फुलं नीट करत होतं, कुणी डोंगराकडे बघत होतं. वरच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं पोलिसाला आपल्या पिशवीतली कोकाची पानं पुढे केली. "घ्या साहेब, उन्हातनं आलात."

मिलाग्रोसबाईंनी इलारियाकडे बोट उचललं होतं. बाजूच्या बाईनं तो हात हलकेच खाली केला.

पोलीस सेनोबियोवर ओणवा झाला. "तू तरी बोल! कोण होतं?"

सेनोबियोनं तळहातावर दोन दात थुंकले. "साहेब... हे... विचारत नाहीत."

चौघांनी त्याला घोंगडीत घालून फाटकाबाहेर उभ्या ट्रककडे नेलं. इलारिया गोफण हातात तशीच धरून शेजारून चालत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ट्रकशी त्यानं तिच्या घागऱ्याची कड पकडली.

"इला... यंदाचं पोतं..."

तिनं त्याची टोपी झटकून त्याच्या छातीवर ठेवली.

"पाठवू नकोस," ती म्हणाली. "पाय बरा झाला की स्वतः घेऊन ये."