साडेसातचं क्रियापद

“तान्ह्या लेकराला घेऊन अशी एकटी राहू नकोस गं. मन फार खचतं,” सुनंदाबाईंनी बारशालाच बजावलं होतं. शाल्मलीनं ते हसण्यावारी नेलं. “अहो काकू, व्हिडिओ कॉलवर सगळे असतात की!”

आज तिला काळजी होती ती दुसरीच. साडेसात होऊन गेले, आठ वाजले, तरी सरांचं क्रियापद आलं नव्हतं.

नरसिंगराव सर म्हणजे सुनंदाबाईंचे यजमान. बंगळूरच्या राजाजीनगरात त्यांच्या ओसरीवर ती इंग्रजी शिकली. अर्थ सांगायचा, वाक्य करायचं, तेव्हा कुठे हातावर कोडबळं, म्हणजे कानडी कडबोळं, पडायचं. ‘प्रॉड’ तिला अजून आठवायचं. सरांनी खांद्यात बोट टोचलं होतं. “कळलं? ढोसून कामाला लावणं. ‘प्रोव्होक’नं माणूस चिडतो, ‘प्रॉड’नं उठतो. हं, कर वाक्य!” पोरं खिदळली होती आणि त्या दिवशी कोडबळ्यात तिखट जास्त झालं होतं.

लेकीच्या, सुखदाच्या, बारशानंतर सर रोज सकाळी साडेसातला तिच्या मोबाइलवर एक क्रियापद पाठवू लागले. खाली दोनच शब्द : ‘वाक्य कर.’ शिकवण्या बंद झालेल्या, म्हाताऱ्या माणसाला करमत नसेल, म्हणून तीही इमानेइतबारे करायची. दोनदाच वाक्य राहिलं. उठावंसंच वाटलं नव्हतं. नेमकी त्या दोन्ही दिवशी खालच्या मजल्यावरची भव्या, सरांचीच जुनी विद्यार्थिनी, दारात हजर. “अक्का, स्वल्प कढीपत्ता द्या ना!” आणि मग तासभर गप्पा. तिच्या स्वतःच्या गॅलरीत कढीपत्त्याचं झाड असून!

सर फोन उचलेनात. काकूंचा बंद. नवरा, निहार, ऑफिसच्या कामाला पुण्याला गेलेला. शाल्मलीनं सुखदाला उचललं आणि कॅब केली. इलेक्ट्रॉनिक सिटी ते राजाजीनगर, दीड तास जीव टांगणीला.

“अगं, तू कशाला धावत आलीस?” सुनंदाबाईंनी दार उघडलं. “हे काल न्हाणीघरात घसरले. उजवा हात मोडला. रात्र दवाखान्यात गेली. आत्ता आलो, तर आल्या आल्या डाव्या हातानं क्रियापदांच्या वहीत काहीतरी खरडलं आणि झोपले.”

“घाबरले हो मी! सरांना एकटं वाटू नये म्हणून तर रोज वाक्य पाठवते.”

“हो का?” सुनंदाबाईंनी सुखदाला कडेवर घेतलं. “बैस. कोडबळी आणते.”

वही टेबलावर उघडीच होती. उद्याचं क्रियापद बघावं म्हणून शाल्मली वाकली. क्रियापदांपुढे अर्थ नव्हते.

‘तीन तारीख. शाल्मलीचं वाक्य आलं. आज झोप झालेली दिसते.’

‘नऊ तारीख. वाक्य नाही. भव्याला कढीपत्त्याच्या निमित्तानं वर पाठवलं. खिडकीशी नुसती बसून होती म्हणाली.’

शेवटची ओळ डाव्या हाताची, वाकडीतिकडी होती.

‘आज मला पाठवता आलं नाही. ही वही जो वाचेल त्यानं, शाल्मली बरी आहे ना, तेवढं बघून यावं.’