मधला मजकूर

"अख्खा उतारा वाचत बसलात, तर बोंबला! पहिली ओळ, शेवटची ओळ, की ठोका उत्तर. मधे नुसतं पाल्हाळ असतं!" क्लासात असं ओरडून ओरडून घसा बसलेले सर पाच वाजता घरी आले. बायको नव्हती, टेबलावर तिची दोन पानी चिठ्ठी होती.

सात वाजता सर फोनवर खेकसले, "आहेस कुठे?"

"चिठ्ठी वाचलीत?"

"वाचली की! चहा थर्मासमध्ये आहे, दोरीवरचे कपडे काढा."

"आणि मधलं?"

"मधे तुझं नेहमीचं रडगाणं असणार!"

"मग संपली वेळ," म्हणत तिने फोन बंद केला.

दातओठ खात सरांनी चिठ्ठी पुन्हा उघडली. पहिल्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'कायमची चाललेय. पण सहाची गाडी सुटेपर्यंत स्टँडवर बसेन. न्यायला आलात, तर सगळं गिळून परत येईन.'