येतो म्हणावं

अंशुमनने ऑनलाइन लिलावात जुनी शॉटगन घेतली. कायद्याने ती समोरासमोरच घ्यावी लागते, म्हणून तो इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बंदूक-डीलरकडे गेला, तर तिथे ती द्यायला आलेले मालक चक्क मराठी निघाले. कमलाकरकाका. सह्या झाल्यावर काका उठले.

“चला, जातो.”

“काका, जातो काय? येतो म्हणावं.”

“बरं बाबा, येतो.”

तरी पुढच्या आठवड्यात काका गेलेच. हार्ट अटॅक.

महिन्याभराने पोलीस अंशुमनच्या घरी तपासणीला आला. कपाटातली बंदूक ताज्या तेलाने चकाकत होती.

“तुमच्याशिवाय कुणी हात लावत नाही ना हिला? नाहीतर लायसन्स जाईल.”

अंशुमनने पोलिसाच्या मागे पाहिलं.

 

तेलकट हात पुसत काका म्हणाले, “सांग की त्याला, तूच ये म्हणालास.”