आपापलं नाव

"चार हात वर, एक खाली. म्हणजे ठरलेलं नाही," ताई म्हणाल्या. "वकीलबुवा, बोला."

वकील काही खराखुरा वकील नव्हता. कृत्रिम दात बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तो धातूचे सांगाडे घासायचा आणि कशालाही फाटे फोडायचा, म्हणून हे नाव. विभागात माणसं पाच. पाचही जण राजी झाल्याशिवाय काही ठरवायचं नाही आणि मत घेतलं की मोजणीचा कागद फळ्यावर लावायचा, हा ताईंनी घालून दिलेला नियम. हुद्द्याने मोठ्या असूनही त्या आपल्या पाळीला फरशी पुसायच्या. "इथे कोणी साहेब नाही," असं म्हणायच्या.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण मालकांनी तेच आरंभलं होतं. पाचातला एक माणूस कमी करायचा. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही सगळं मिळूनच ठरवता ना! प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक नाव लिहायचं आणि बंद पाकिटात मुख्य कार्यालयात पाठवायचं.

ताईंनी त्यावर तोड काढली होती. ज्याने त्याने स्वतःचंच नाव लिहायचं. पाच जणांना एकेक मत. मग काढा कोणाला काढायचं ते!

"आणि ते म्हणाले, आता आम्हीच ठरवतो, तर?" वकील म्हणाला. "सगळ्यात जाड पगारावर गदा येईल."

"म्हणजे माझ्या," ताई हसल्या. "येऊ दे. माझी मुलं मोठी झाली. याच्या घरी अजून पाळणा हलायचाय."

'याच्या' म्हणजे रंगाऱ्याच्या. नव्या दाताला असा रंग चढवायचा की शेजारच्या खऱ्या दातालाही पत्ता लागू नये, हे त्याचं काम. ते ताईंनीच त्याला हात धरून शिकवलं होतं. बायकोला आठवा महिना होता आणि नोकरी गेली तर भाड्याची खोलीही जाणार होती. त्याचे डोळे भरून आले. अशी माणसं मिळायला नशीब लागतं, असं त्याला मनापासून वाटलं.

वकिलाने अखेर हात वर केला. "मोजणी फळ्यावर लागेल ना?"

"यावेळी मोजणी तिकडे आहे. आपल्या हातात काय?" ताई म्हणाल्या.

चिठ्ठी लिहिताना रंगाऱ्याचं पेन क्षणभर अडलं. वकिलाचं नाव लिहिलं तर? अक्षरावरून कोण ओळखतंय? पण लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने आपलं नाव ठळक अक्षरात लिहिलं आणि पाकीट चिकटवून टाकलं.

"सगळ्यांनी आपापलंच लिहिलं?" बायकोने घरी विचारलं.

"हो."

"तू पाहिलंस?"

"असं पाहायचं नसतं," तो चिडून म्हणाला.

पुढचे चार दिवस वकील कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता. डबाही एकटाच खायचा. एकदा तो जिन्यात फोनवर दबक्या आवाजात मुख्य कार्यालयाशी बोलत होता. रंगाऱ्याला पाहताच गप्प झाला. रंगाऱ्याने ते ताईंच्या कानावर घातलं.

"असं मनात आणू नये रे," ताई म्हणाल्या आणि मोठा उसासा टाकला.

शुक्रवारी सकाळी रंगाऱ्याच्या हातात पत्र पडलं. सहकाऱ्यांच्या मतानुसार त्याची सेवा महिनाअखेर संपत होती.

त्याने ते दोनदा वाचलं. मग तो उठला आणि थेट वकिलाच्या गळपट्टीला हात घातला.

"माझ्या पोराच्या तोंडचा घास काढलास! काय बिघडवलं होतं मी तुझं?"

"मी माझंच नाव लिहिलं," वकील म्हणाला. त्याने गळपट्टी सोडवायचाही प्रयत्न केला नाही.

"खोटारड्या! हरामखोर आहेस तू!"

साचे ओतणारा काका मध्ये पडला. मेणाचं काम करणारी मावशी रडायला लागली. ताईंनी रंगाऱ्याला जवळ घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सोड रे त्याला. कोणी केलं ते आता कळून काय उपयोग? मी बोलते वर. तुला दुसरीकडे चिकटवते."

रंगाऱ्याची पकड ढिली झाली. सहा वर्षं ज्यांच्याबरोबर एका टेबलावर जेवलो, त्यातल्याच एकाने गळा कापला, हे त्याला गिळवत नव्हतं. निदान ताई तरी आपल्या होत्या.

तेवढ्यात मुख्य कार्यालयाचा शिपाई एक कागद घेऊन आला.

"मोजणीचा कागद. तुमचा नियम आहे म्हणून वकिलांनी मागवला होता," असं म्हणत त्याने तो फळ्यावर टाचला आणि तो निघून गेला.

रंगारी पुढे झाला. ताईही त्याच्यामागे आल्या. कागदावर पाच नावं होती आणि प्रत्येकापुढे त्याला पडलेली मतं. काका, एक. मावशी, एक. वकील, एक. मग त्याचं स्वतःचं नाव, दोन.

शेवटची ओळ ताईंची होती. तिथे शून्य होतं.