सहावी विनंती

चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या एका मुलीच्या तक्रारीवरून पोलिसांनी जुन्या फादरांना नेलं, त्याला आठवडा झाला होता. घोटीहून घाईघाईने आलेल्या नव्या फादरांनी रविवारच्या मिस्साच्या उपासनेत देवाला करायच्या पाच विनंत्या टाइप करून आणल्या आणि वाचायला मोनिकाबाई त्रिभुवनांच्या हाती दिल्या.

बाई वाचत गेल्या. बिशप महागुरुस्वामींसाठी, संकटात सापडलेल्या आपल्या जुन्या फादरांसाठी, चर्चची बदनामी करणाऱ्या पत्रकारांना सद्बुद्धी मिळावी म्हणून. प्रत्येक विनंतीला अख्खं चर्च "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणत होतं. अर्धं लक्ष देवाकडे, अर्धं घरी शिजत ठेवलेल्या काळ्या मसाल्याच्या मटणाकडे.

पाचही संपल्या. ती मुलगी शेवटच्या बाकावर आईला चिकटून बसली होती. त्या बाकावर तिसरं कोणी नव्हतं.

बाईंनी कागदाची घडी घातली. "जिनं खरं सांगितलं त्या आपल्या लेकीसाठी. तिच्या पाठीशी उभं राहायची अक्कल आपल्याला यावी म्हणून."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सगळे सवयीने म्हणून गेले, आणि आपण काय म्हणून बसलो ते कळल्यावर एकमेकांची तोंडं बघू लागले.

नव्या फादरांनी माइक हाताने झाकला. "बाई, हे कागदावर नव्हतं."

"नव्हतंच, फादर. आणि यांनी ऐकलंही नव्हतं. थांबा, परत वाचते."

त्यांनी परत वाचलं. या वेळी उत्तर यायला वेळ लागला आणि आवाजही निम्मेच आले. पण ते शुद्धीवर असलेल्या माणसांचे होते.