कडुलिंबावरची गुळवेल

मनुबाईनं पिशवीतून गुळवेलीची जुडी काढली आणि डॉ. स्वप्नालीच्या टेबलावर ठेवली. हिरव्या, बोटाएवढ्या कांड्या, सुतळीनं बांधलेल्या.

"तुमच्यासाटी आणली, बाई. कडुलिंबावरची हाय. दिसभर आजारी माणसांत बसता, उकळून घेत जावा."

मिरजेच्या या दवाखान्यात चौदा महिन्यांपूर्वी मनुबाईची डावी किडनी काढून तिच्या नवऱ्याला, सयाजीला, बसवली होती. सयाजी सदुसष्ट वर्षांचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. शुद्धीवर आल्या आल्या तो नर्सला म्हणाला होता, "आता पोटातनंबी बायकोचीच आर्डर येणार." मजल्यावरच्या सगळ्यांना तो विनोद पाठ होता. पाच दिवसांपूर्वी त्याची लघवी कमी झाली, पाय सुजले, आणि शेजाऱ्याच्या गाडीतून तो पुन्हा इथं दाखल झाला. म्हैस व्यायला झालेली, म्हणून मनुबाई मागं राहिली होती. आज सकाळी ती रहिमतपूरहून रेल्वेनं आली.

डॉ. स्वप्नालीनं जुडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"काका हे घेत होते?"

"मी दिल्याबिगर घेत्यात व्हय? रोज सकाळी, चहाच्या आदी. त्यात आवळा, वली हळद." मनुबाई सरसावून बसली. या खोलीत सांगण्यासारखं तिच्याकडं काही आहे, असं पहिल्यांदाच झालं होतं. "लय अँटिऑक्सिडंट असत्यात त्यात. साटीनंतर माणसाची प्रतिकारशक्ती घटती, मोबाइलवर एक डाक्टरच सांगत हुता."

शब्द तिनं पाठ केले होते. एकही अडखळला नाही.

"किती दिवस देताय?"

"पाच म्हयनं. आवं, पयल्यांदा सारखी सर्दी, सारखा खोकला. काढा सुरू केला आन् ह्या थंडीत एक शिंक न्हाई आली त्येंना."

"दाखल होताना मी काकांना विचारलं होतं, गोळ्यांशिवाय काही घेता का. नाही म्हणाले."

"तुमी औशदाचं इचारलं आसंल. ह्यो तर घरचा पाला हाय."

डॉ. स्वप्नालीनं फाइल उघडली, पण वाचली नाही. परवा सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. त्याचा अहवाल वरच लावलेला होता.

"काकू, ऑपरेशननंतर गोळ्यांबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी हुती, जपा."

"मग?"

"मग जपलं की. कमी झाली ती भरून काढाय नगं?"

डॉक्टरनं फाइल मिटली. मग सावकाश, एकेक गोष्ट सांगत गेली. सयाजीची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन मुद्दाम कमी ठेवली होती. ती वर आली की शरीर नव्या किडनीवरच उठतं, बाहेरची म्हणून. तसंच ते उठलं होतं. तीन दिवस सलाइनमधून औषध देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. किडनी गेली होती.

"फक्त काढ्यानं झालं, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "काढा न घेणाऱ्यांनाही असं होतं. पण काढा द्यायला नको होता."

शेवटचं वाक्य मनुबाईला कळलं. त्याआधीच्यातला एकच शब्द तिच्या डोक्यात राहिला.

"बाहेरची कशी? माजी हाय ती. चाळीस वर्सं झाली आमच्या लग्नाला."

"शरीराला ते कळत नाही, काकू."

मनुबाईनं मान हलवली. बाहेर बाकावरच्या कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"त्येंला प्यायचं नसायचं," ती म्हणाली. "लय कडू. तोंड वाकडं करायचं. म्हणायचं, तुज्यासाटी पितो."

डॉ. स्वप्नालीनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मनुबाईनं तो घेतला नाही.

"आता काय?"

"डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा."

"कवापतूर?"

"आता कायमचंच."

"दुसरी किडनी?"

"यादीत नाव घालता येईल. पण काकांचं वय, त्यात एकदा असं झालेलं." डॉक्टरनं वाक्य पुरं केलं नाही. "तिथं किडनी मिळेपर्यंत फार वर्षं जातात."

मनुबाई उठली नाही. तिनं बसल्या जागी अंग वळवलं, पदर बाजूला सारला आणि उजव्या कुशीवर हात ठेवला.

"ह्या अंगाची हाय की अजून," ती म्हणाली. "मागं मला मंगळवारी भरती केलं हुतं. ह्या मंगळवारी येऊ?"