न गाळलेली नावं

कासमभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रेवदंड्यातल्या त्यांच्या पडवीत रोज त्यांचा पेपर वाचून दाखवायला रूबेन येई. रूबेन ज्यू, त्याची लेक इस्रायलला. दोस्ती चाळीस वर्षांची, पण गाझाचं युद्ध पेटल्यापासून एकच वाद: कुणाचा पेपर कुणाची मेलेली माणसं लपवतो?

आज कासमभाईंनी लबाडी केली. सकाळीच सून नसीमकडून पेपर ऐकून घेतला. रूबेन काय गाळतो ते त्यांना पकडायचं होतं.

रूबेनने काहीच गाळलं नाही. गाझातल्या एका घरातली सात मुलं त्याने नावानिशी, वयासकट वाचली. नावं गाळून नुसता आकडा सांगितला होता, तो सुनेनेच.

कासमभाई ओशाळले. "परवा तुझ्या लेकीच्या गल्लीत रॉकेट पडलं ना? आता ते वाच."

"या पेपरात ते नाहीच."

"मग तू तोंडी सांग. गेलेल्यांची सगळी नावं सांग."

पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी कासमभाईंनी निवांत पाठ टेकली आणि आत हाक मारली, "नसीम, अजून चहा टाक गं. आज रूबेनला वेळ लागेल."